निकालामागची हजेरीवही : रायगडचा किनारा आणि न्यायाधीशांच्या पगार-बदल्यांचा इतिहास

१/
निकालपत्राखाली सही न्यायाधीशाची असते. परंतु त्या न्यायाधीशाचा पगार कोण ठरवतो? रजा कोण मंजूर करतो? बदलीचा आदेश कोणाच्या टेबलावरून निघतो? आजच्या भाषेत हा 'एचआर'चा, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचा विषय. इतिहासात मात्र अनेकदा याच प्रश्नांच्या उत्तरावर न्याय टिकला किंवा कोसळला. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांकाठी या कथेचे जवळपास सर्व टप्पे सापडतात. #धागा

२/
सुरुवात किल्ले रायगडावर. ६ जून १६७४ रोजी शिवराज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची कर्तव्ये लेखी ठरली. न्यायाधीशपदी निराजी रावजी होते. या व्यवस्थेत एक सूक्ष्म तरतूद आहे. न्यायाधीश आणि पंडितराव हे दोघे वगळता इतर प्रधानांनी प्रसंगी मोहिमेवर जायचे होते. न्याय हे पूर्णवेळ काम आहे, ही जाणीव या एका सवलतीत दिसते.

३/
दुसरी बाब वेतनाची. शिवकाळात वरिष्ठ पदे वंशपरंपरागत नव्हती आणि मोबदला शक्यतो रोख देण्यावर भर होता. वतन मिळाले की माणूस हळूहळू जमिनीचा आणि त्या जमिनीवरील आपल्या हितसंबंधांचा होतो. रोख वेतन घेणारा पदाशी बांधलेला राहतो. पुढच्या काळात पदे वंशपरंपरागत झाली, वतने वाढली आणि हे सूत्र सैल पडत गेले.

४/
पुढचा टप्पा पेशवाईचा. १७१३ मध्ये पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे, म्हणजे याच किनाऱ्याचे. त्यांच्या घराण्याच्या राजवटीत पुण्यातील न्यायाधीशपदाला सर्वाधिक तेज आले ते माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांच्यामुळे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर गेले.

५/
ही कथा बाणेदारपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात व्यवस्थेची एक उणीवही दडलेली आहे. सत्ताधाऱ्याविरुद्ध निर्णय दिल्यावर न्यायाधीशाच्या हाती उरलेला मार्ग पद सोडण्याचाच होता. त्याच्या पदाला सत्ताधाऱ्याच्या मर्जीपलीकडचे संरक्षण नव्हते. नाना फडणीसांच्या कारभारात ते पुन्हा न्यायाधीश झाले, तेही सत्ता बदलली म्हणून.

६/
रामशास्त्र्यांसारखी व्यक्ती दर पिढीत जन्माला येत नाही. म्हणून न्यायव्यवस्थेपुढचा खरा प्रश्न असा : साधा, संसारी, कर्जाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची काळजी असलेला न्यायाधीशही निर्भयपणे निकाल देऊ शकेल, अशी रचना कशी उभारायची?

७/
आता मुरुड-जंजिरा. सिद्दींचे हे संस्थान दीर्घकाळ अंतर्गत कारभारात जवळजवळ स्वतंत्र होते. १८६८ च्या सुमारास तेथील फौजदारी न्यायाचा कारभार इतका बिघडला, असे ब्रिटिशांनी ठरवले, की तो नवाबाच्या हातून काढून निवासी राजकीय अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आला. न्याय दरबारातून निघाला तो दुसऱ्या एका सत्तेच्या अधिकाऱ्याकडे गेला. स्वतंत्र तो झालाच नाही.

८/
शेजारच्या कुलाब्यात आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले होते. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा बनला आणि अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण. त्याच वर्षी मुंबई दिवाणी न्यायालय कायदा आला. जिल्हा न्यायाधीश, त्यांच्या हाताखाली पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, अशी उतरंड पक्की झाली. देखरेख उच्च न्यायालयाची, पण नेमणुकीचे सूत्र सरकारच्या हाती.

९/
या उतरंडीला चालते ठेवणारी माणसे वेगळीच होती. शिरस्तेदार कागदपत्रांचा आणि कारकुनांचा प्रमुख. नाझराकडे समन्स-वॉरंटची बजावणी, बेलिफांच्या फेऱ्या, अनामत रकमा, न्यायालयाचे सामानसुमान. खाडीपलीकडच्या गावात बेलीफ कोणी आणि कधी पाठवायचा, हे नाझराने ठरवायचे. समन्स पोहोचले नाही तर कितीही विद्वान न्यायाधीश असला तरी खटला जागचा हलत नसे.

१०/
बदली हे शस्त्र कसे होते, हे एका प्रसिद्ध उदाहरणातून कळते. महादेव गोविंद रानडे १८७१ पासून पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होते. सार्वजनिक सभेच्या कार्यातील त्यांचा सहभाग सरकारच्या डोळ्यांत सलत होता. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली आणि १८७९ मध्ये धुळ्याला.

११/
१८७९ हे वर्ष महत्त्वाचे. शिरढोणचे (आजच्या पनवेल तालुक्यातील) वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र बंड उभारले होते. मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. संशयाचे वातावरण दाटले. धुळ्यात रानड्यांची टपाले फोडली जात आणि फडक्यांच्या नावाची बनावट पत्रेही येत, असे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

१२/
येथे आणखी एक तपशील आहे. फडके स्वतः पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली, हा त्यांच्या आयुष्यातील जिव्हारी लागलेला प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. एकाला नाकारलेली रजा आणि दुसऱ्यावर लादलेली बदली. राज्यसत्ता माणसाला सर्वाधिक जवळून भेटते ती आस्थापनेच्या कागदावर.

१३/
रानड्यांवर कोणताही आरोप सिद्ध झाला नाही. तो ठेवलाही गेला नाही. बदलीचे वैशिष्ट्यच हे. तिला आरोपपत्र लागत नाही, सुनावणी लागत नाही आणि कागदावर ती शिक्षाही दिसत नाही. पुढे १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. परंतु त्यांच्या जागी कमी धीराचा माणूस असता, तर त्याने कोणता धडा घेतला असता?

१४/
दिवाणी न्यायाधीशांचे हे असे. फौजदारी बाजूची स्थिती याहून बिकट होती. महसूल गोळा करणारा मामलेदारच दंडाधिकारीही असे आणि कलेक्टर हा जिल्हा दंडाधिकारी. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि घटनास्थळी असलेले मामलेदार जोशी हेही प्राणास मुकले.

१५/
जंगलचा कायदा सरकारचा, बंदोबस्त सरकारचा आणि दंडाधिकाऱ्याची बढती-बदलीही त्याच सरकारच्या महसूल खात्यात. अशा अधिकाऱ्याची सद्बुद्धी कितीही शाबूत असली, तरी नागरिक आणि सरकार यांच्यात तो त्रयस्थ ठरू शकत नाही. कार्यकारी सत्ता आणि न्यायसत्ता वेगळ्या करा, ही मागणी म्हणूनच राष्ट्रीय चळवळीने दशकानुदशके लावून धरली.

१६/
आता महाड. सावित्रीकाठच्या या जुन्या बंदराच्या गावी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. १४ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि इतरांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषदेने तो पाळला आणि तळ्यावर पाणी घेणे पुढे ढकलले.

१७/
२३ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच न्यायालयाने तो हुकूम उठवला. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. ठाण्यातील अपीलही फेटाळले गेले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल कायम केला : अनादि काळापासूनची प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही. एका तळ्यासाठी न्यायालयात नऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

१८/
या खटल्याकडे व्यवस्थेच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? महाडचे दुय्यम न्यायालय हे उतरंडीतले अगदी खालचे. तेथील न्यायाधीशाला त्याच गावात राहायचे, त्याच बाजारात जायचे आणि गावातील वजनदार मंडळींच्या नजरेसमोर त्यांचा दावा फेटाळायचा. सामान्य माणसाचा न्यायाशी पहिला आणि बहुधा शेवटचा संबंध येतो तो अशाच न्यायालयात.

१९/
हा खटला प्रतिवादी म्हणून लढलेले डॉ. आंबेडकर पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १६ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत दुय्यम न्यायालयांविषयीची कलमे मांडली. तीच आज २३३ ते २३७ या क्रमांकांनी ओळखली जातात. त्यांतील कलम २३५ अन्वये दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण, म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकीची ठिकाणे, बढती आणि रजा, उच्च न्यायालयाकडे आले.

२०/
'रजा' हा शब्द भारतीय राज्यघटनेत न्यायाधीशांच्या संदर्भात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. इतकी किरकोळ वाटणारी बाब घटनेत का यावी? कारण रानड्यांच्या पिढीने पाहिले होते की किरकोळ बाबींतूनच दाब येतो. पुढे १९५१ मध्ये मुंबई राज्याने न्यायिक आणि कार्यकारी कामे विभक्त करणारा कायदा केला आणि मामलेदाराच्या टेबलावरील न्यायनिवाडा दंडाधिकारी न्यायालयाकडे वळला.

२१/
तरी पगार आणि सोयी राज्य सरकारकडेच राहिल्या. १९९१ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचे वय ६०, शासकीय निवासस्थान, घरी संदर्भग्रंथ, वाहन अशा बाबींचे निर्देश दिले. वरवर या चैनी वाटतात. पण लहान गावात न्यायाधीशाचा घरमालकच उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहिला तर? निवासस्थान हा निःपक्षपाताचाच एक भाग आहे.

२२/
१९९६ मध्ये न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशींवर २००२ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दर १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश हे लक्ष्य पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठावे, असे सांगितले. ती मुदत केव्हाच उलटली. देश अजून त्या लक्ष्यापासून दूर आहे.

२३/
मग न्यायाधीशाचा वेळ वाचवायचा कसा? तेराव्या वित्त आयोगाने (२०१०-१५) न्यायदानासाठी ५,००० कोटी रुपये सुचवले आणि त्यातून 'न्यायालय व्यवस्थापक' हे पद जन्मले. व्यवस्थापनशास्त्र शिकलेला हा माणूस मनुष्यबळ, इमारत, संगणक आणि आकडेवारी सांभाळील आणि न्यायाधीश खटल्यांकडे पाहील, अशी ही कल्पना. जुन्या शिरस्तेदार-नाझरांच्या परंपरेतला हा नवा दुवा.

२४/
विरोधाभास असा, की इतरांच्या सेवाशर्ती सांभाळणाऱ्या या व्यवस्थापकांच्या स्वतःच्या नेमणुका बहुतांशी कंत्राटी राहिल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायिक जिल्ह्यात असे व्यवस्थापक हवेत असे सांगितले. १६ मे २०२५ रोजी त्यांच्या भरतीचे आणि सेवाशर्तींचे नियम करण्याचे, तसेच सध्याच्यांना नियमानुसार कायम करण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले.

२५/
रायगडावरच्या रोख वेतनापासून कलम २३५ पर्यंतचा हा प्रवास एकाच दिशेने जातो. न्यायाधीशाचा पगार, रजा आणि बदली ज्याच्या हाती, त्याच्यापुढे न्याय किती ताठ उभा राहील हे ठरते. रामशास्त्र्यांचे चित्र वर्गावर्गात लावावेच. त्याच्या शेजारी कलम २३५ ची प्रतही लावावी. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन वा महाडच्या न्यायालयात उद्या येणाऱ्या न्यायाधीशाला पद सोडून स्वाभिमान राखावा लागू नये, यासाठीच ते कलम आहे.

(धागा समाप्त)