चार फुटांची पेटी, चार फुटांचा मासा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की मासे पाळणं हा छंद, त्यात इतिहास कुठून आला? तर तो येतो एका करापासून. ब्रिटनमध्ये काचेवर कर होता. १८४५ साली तो उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देणार, गोगलगायी सडकी पानं खाणार, त्यांची अंडी माशांच्या पोटात जाणार. म्हणजे प्रत्येकाचा हिशेब मांडलेला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि बघता बघता काचेची पेटी घरोघरच्या दिवाणखान्यात आली.

आता माशाकडे वळू. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांत एक मोठा शिकारी मासा राहतो, रेडटेल कॅटफिश. आपल्या शिंगाळ्यासारख्या लांब मिशा, काळपट पाठ, पांढरा पट्टा, तांबडी शेपटी. ब्राझीलमध्ये त्याला 'पिरारारा' म्हणतात. तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा आणि 'अरारा' म्हणजे मकाव पोपट. त्याचं शास्त्रीय वर्णन १८०१ साली छापलं गेलं, बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लॉख यांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर श्नायडर यांनी पुरं केलेल्या ग्रंथात.

म्हणजे बघा, पेटीच्या आधी मासा माहीत होता. पण दोघांची गाठ पडली ती फार नंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक वाढली आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून मासे जगभर जाऊ लागले. पुढे आग्नेय आशियातल्या तलावांत हार्मोनची इंजेक्शनं देऊन या माशाची पैदास होऊ लागली. मग दुर्मिळ मासा दुकानातला मासा झाला. आपल्याकडेही तो मिळतो, बोटाएवढा, गोंडस.

हे पिल्लू वाढून मीटरभराहून लांब होतं, वजन ४० किलोच्या पुढे जाऊ शकतं. नेहमीची चार फुटी टाकी दीड फूट रुंद असते. मोठ्या माशाला तिच्यात वळताही येत नाही. 'टाकी लहान असली की मासाही लहान राहतो' असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. वाढ खुंटलीच तर ती कोंडमाऱ्याने आणि घाण पाण्याने खुंटते, आणि त्याची किंमत माशाचं शरीर मोजतं. शिवाय तोंडात मावेल तो सोबती तो गिळतो, प्रसंगी खडेसुद्धा.

मग मालक शोधतो मोठं मत्स्यालय. पण त्यांच्याकडे आधीच असे मासे खूप झालेले असतात. ब्रिटनमध्ये तर लोकांनी असे मासे घेऊच नयेत म्हणून 'बिग फिश कॅम्पेन' नावाची मोहीम चालवावी लागली. आणि जे तळ्यात सोडून देतात, ते स्वतःची अडचण त्या तळ्यातल्या माशांच्या गळ्यात बांधतात.

वॉरिंग्टन यांनी गोगलगायीचासुद्धा हिशेब केला होता. आपण पिल्लू पाहतो, भाव विचारतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. भाव विचारण्याआधी एवढंच विचारा, की हा पुरा वाढल्यावर केवढा होतो आणि तेव्हा मी याला कुठे ठेवणार? आता तुमचे प्रश्न घेऊ या.