उशाशीं बसणारीं माणसें

आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला त्या वेळीं माझी थोरली बहीण अक्का एकेचाळीस वर्षांची होती. तिचें लग्न झालेलें नव्हतें. पुढें नऊ वर्षें आईला कुशीवर वळविणें, भरविणें, न्हाऊं घालणें, रात्रीं तीन-तीनदां उठणें हें सारें तिनें एकटीनें केलें. मी परगांवीं शिक्षक होतों. महिन्याला मनिऑर्डर पाठवीत असें आणि सुटींत जाऊन चार दिवस आईच्या पायाशीं बसत असें. गांवचे लोक मला म्हणत, "मास्तर, आईचें फार केलेंत हो!" अक्का शेजारींच उभी असे. १९९१ सालची जनगणना त्याच काळांत झाली. खानेसुमारीला आलेले गृहस्थ माझ्याच पेशाचे होते. त्यांनीं अक्काला "आपण काय करतां?" असें विचारलें आणि उत्तराची वाट न पाहतां कागदावर 'घरकाम' असें लिहून ते पुढच्या दारीं गेले.

श्रोतेहो, इतिहास शिकविण्यांत माझी सारी नोकरी गेली. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं वर्षानुवर्षें बिनपगारी बसणाऱ्या या माणसांनाही इतिहास आहे, हें मला पेन्शनींत निघाल्यावर कळलें. तो सालवार मांडलेला मला सांपडला तो इंग्लंडचा. म्हणून आज तिकडचीच हकीकत सांगतों.

आरंभ लिव्हरपूल शहरापासून करावा लागेल. विल्यम रॅथबोन हे तेथील एक धनाढ्य व्यापारी. १८५९ सालीं त्यांची पत्नी अखेरच्या दुखण्यांत असतां मेरी रॉबिन्सन नांवाची एक परिचारिका त्यांनीं घरीं ठेविली होती. पत्नी गेल्यावर त्यांच्या मनांत आलें कीं, आपल्यासारख्या संपन्न घराला या बाईचा एवढा आधार वाटला, तर जेथें पैसाही नाहीं आणि माहितीही नाहीं अशा घरांचें काय होत असेल? त्यांनीं त्याच बाईंना तीन महिन्यांच्या बोलीनें गरिबांच्या वस्तींत पाठविलें. महिना झाला नाहीं तोंच बाई परत आल्या. तेथील हाल पाहवत नाहींत, मला मोकळें करा, असें म्हणाल्या. रॅथबोन यांनीं त्यांची समजूत घातली. तीन महिने भरले तेव्हां मात्र त्याच बाई काम सोडावयास तयार होईनात! पुढें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्यानें लिव्हरपुलांत परिचारिकांची शाळा निघाली, शहराचे अठरा विभाग पाडण्यांत आले, आणि १८८७ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निधींतून ही पद्धति देशभर नेण्याची सोय झाली.

हें काम थोर खरेंच. पण त्याची दृष्टि रोग्यावर होती. परिचारिका यावयाची, जखम धुवावयाची, घरच्या बाईला चार गोष्टी शिकवावयाची आणि दुसऱ्या घरीं जावयाची. शिकलेली ती बाई उरलेले तेवीस तास काय करते, हें विचारण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं.

तो प्रश्न विचारणारी स्त्री स्वतःच उशाशीं बसलेली होती. रेव्हरंड मेरी वेब्स्टर या धर्मोपदेशिका. १९५४ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, म्हाताऱ्या आईबापांचें करण्यासाठीं त्यांनीं आपलें काम सोडलें. १९६३ मध्यें त्यांनीं वर्तमानपत्रांस पत्रें लिहिलीं कीं, माझ्यासारख्या अविवाहित मुली, ज्यांची कमाई गेली, मैत्री गेली, पुढें वार्धक्यवेतनाचीही आशा नाहीं, अशा किती असतील? उत्तरांचा पाऊस पडला. प्रत्येकीला वाटत होतें कीं ही दशा आपल्या एकटीच्याच घरची. त्या पत्रांतून १९६५ सालीं अविवाहित स्त्रियांची व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांची एक राष्ट्रीय परिषद उभी राहिली आणि दोनच वर्षांत करांत थोडी सूट मिळाली. वेब्स्टरबाई १९६९ मध्यें वारल्या. वय अवघें शेहेचाळीस.

पुढें १९७६ सालीं सरकारनें अशा माणसांना भत्ता सुरू केला. अट अशी कीं, आठवड्यास निदान पस्तीस तास शुश्रूषेंत गेले पाहिजेत. परंतु विवाहित स्त्रीला तो मिळत नसे. कारण काय, तर ती एरव्हीं घरींच असावयाची! हा युक्तिवाद ऐकून मला आमचे खानेसुमारीचे गृहस्थ आठवले. जॅकी ड्रेक या विवाहित बाईंनीं आईच्या स्मृतिभ्रंशाच्या दुखण्यापायीं नोकरी सोडली होती. त्यांनीं युरोपीय न्यायालयापर्यंत दाद मागितली. निकाल १९८६ च्या जून महिन्यांत त्यांच्या बाजूनें लागला. आणि गंमत अशी कीं, निकालाच्या आदल्या दिवशींच सरकारनें विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचें जाहीर करून टाकलें. १९९५ मध्यें कायद्यानें या माणसांना 'तुम्हांला हें झेपतें कीं नाहीं' याची स्वतंत्र पाहणी मागण्याचा हक्क दिला. २००१ च्या जनगणनेंत तिकडे हा प्रश्न प्रथमच विचारला गेला, तेव्हां इंग्लंड व वेल्समध्यें अशीं बावन्न लाख माणसें निघालीं.

आपल्याकडे २००७ सालचा आईबापांच्या निर्वाहाचा कायदा आहे. मुलांनीं पैसा द्यावा, अशी तजवीज त्यांत आहे; माझी मनिऑर्डर त्यांत चोख बसली असती. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत मात्र वेतन न घेतां सेवा करणाऱ्या घरच्या माणसाची व्याख्या आलेली आहे.

कायदे व भत्ते सोडून, मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अगदीं लहान गांवची आहे, आणि ती निघाली एका नाटकी मालिकेंतून. 'क्रॉसरोड्स' नांवाची मालिका तिकडे दूरचित्रवाणीवर चालत असे. तिच्यांतील एक तरुण अपघातानें पंगू होऊन चाकांच्या खुर्चीला खिळतो, असा प्रसंग होता. त्या निमित्तानें रग्बी गांवच्या एका खऱ्या पंगू तरुणाच्या घरची स्थिति मालिकेच्या लोकांपुढें आली. एटीव्ही या कंपनीनें दहा हजार पौंड दिले, आणि १९७४ सालीं रग्बींत एक योजना सुरू झाली. तिच्यांत डॉक्टर नव्हते कीं परिचारिका नव्हत्या. थोडें शिक्षण दिलेलीं पगारी माणसें होतीं. त्यांनीं करावयाचें तें एवढेंच, कीं घरचें माणूस जें करतें तेंच त्याच्या जागीं कांहीं तास करावें: उठविणें, अंघोळ, कपडे, जेवण, कूस बदलणें. येण्याची वेळ कचेरीच्या सोयीची नव्हे, घरच्यांच्या सोयीची. पहांटे पाहिजे तर पहांटे. तेवढ्या वेळांत घरच्या बाईनें बाजारांत जावें, नाहीं तर नुसतें झोपावें. तिला कोणी जाब विचारीत नसे. पुढें गांवोगांव अशा योजना निघाल्या, आणि २०१२ मध्यें त्यांची संस्था दुसऱ्या एका संस्थेशीं एकत्र होऊन 'केअरर्स ट्रस्ट' झाली.

गेल्या दिवाळींत मीं ही हकीकत अक्काला सांगितली. ती आतां सत्तरीच्या पुढें आहे. तिनें सारें ऐकून घेतलें. वेब्स्टरबाईंविषयीं कांहीं बोलली नाहीं, न्यायालयाविषयींही नाहीं. वाती वळतां वळतां एवढेंच विचारलें, "रात्रींसुद्धां येत असत का रे?"

मीं सांगितलें, "हो, येत असत."