विमानप्रतिकृतींतील अरीय एंजिनांची प्रज्वलन-तारजोडणी

अरीय एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात इंधन पेटविणाऱ्या ठिणगी-गुडद्या, म्हणजेच स्पार्क प्लग, बसविलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत वीज नेणाऱ्या तारा विमानाच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृतीत बारीक तारांच्या साहाय्याने दाखविण्याच्या कामास प्रज्वलन-तारजोडणी म्हणतात. हे काम वरवर केवळ शोभेचे वाटते. परंतु या तारांची मांडणी काळानुसार बदलत गेलेली असल्यामुळे प्रतिकृती कोणत्या काळातील विमानाची आहे, हे तीवरून ओळखता येते. तारांची चुकीची मांडणी म्हणूनच विमानाच्या इतिहासाविषयी चुकीची माहिती देते.

रचना व कार्य : अरीय एंजिनात मध्यवर्ती वर्तुळाकार कवचाभोवती सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसविलेले असतात. चार धावांच्या एंजिनात एका ओळीतील सिलिंडरांची संख्या विषम ठेवतात. त्यामुळे एक सिलिंडर सोडून पुढच्यात ठिणगी पाडता येते. नऊ सिलिंडरांच्या एंजिनात हा क्रम १, ३, ५, ७, ९, २, ४, ६, ८ असा असतो. प्रत्येक सिलिंडरास पुढे व मागे अशा दोन ठिणगी-गुडद्या असून त्यांना दोन स्वतंत्र मॅग्नेटोंकडून वीज मिळते. बहुतेक अमेरिकी एंजिनांत उजव्या मॅग्नेटोकडून पुढील व डाव्याकडून मागील गुडद्यांना वीज पुरविली जाते. एक मॅग्नेटो बंद पडला, तरी एंजिन चालू राहते. यासाठीच उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून एंजिनाची गती किती उतरते ते पाहतो. या दुहेरी योजनेमुळे ९ सिलिंडरांच्या एंजिनास १८, १४ सिलिंडरांच्या एंजिनास २८ व १८ सिलिंडरांच्या एंजिनास ३६ तारा लागतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

ऐतिहासिक विकास : पहिल्या महायुद्धातील नोम, ल रोन इ. फिरत्या एंजिनांत सिलिंडरच पंख्याबरोबर फिरत असत. ही एंजिने दिसण्यात अरीय एंजिनांसारखी असली, तरी त्यांची तारजोडणी निराळी होती. गुडद्यांपासून एंजिनामागील वितरक-कड्यापर्यंत पितळेच्या उघड्या तारा ताणून बसविलेल्या असत आणि त्या कड्यास स्थिर कार्बन-ब्रशाकडून वीज मिळे. १९२० नंतरच्या दशकात स्थिर सिलिंडरांची, हवेने थंड होणारी अरीय एंजिने मागे पडलेल्या फिरत्या एंजिनांची जागा घेऊ लागली. चार्ल्स लिंडबर्ग यांनी २०–२१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस हे उड्डाण सु. ३३ तास ३० मिनिटांत केले. त्यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ या विमानास राइट व्हर्लविंड जे-५ हे ९ सिलिंडरांचे, सु. २२० अश्वशक्तीचे एंजिन होते. त्याचे सिलिंडर आवरणाबाहेर उघडे असल्यामुळे तारांतील कोणतीही उणीव त्याच्या प्रतिकृतीत तत्काळ नजरेस येते.

विमानांत रेडिओचा वापर वाढल्यावर नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक ठिणगीबरोबर विद्युत्‌चुंबकीय तरंग निर्माण होऊन ग्रहणात खरखर येई. त्यामुळे १९३० च्या सुमारास तारांवर धातूच्या विणीचे आवरण घालण्याची आणि त्या एका कडेवजा नळीतून नेऊन प्रत्येक सिलिंडरापाशी बाहेर काढण्याची पद्धत रूढ होऊ लागली. प्रतिकृतिकारांच्या परिचयाचे एंजिनाभोवतीचे कडे ते हेच. दुसऱ्या महायुद्धात विमाने अतिउंचावर उडू लागली, तेव्हा विरळ हवेमुळे वितरकाच्या आतच ठिणगी उडू लागली. तिला आळा घालण्यासाठी काही एंजिनांत मॅग्नेटो व वितरक यांत दाबाखालील हवा भरण्यात आली. पुढे काही मोठ्या एंजिनांत तारांतून कमी दाबाची वीज नेऊन प्रत्येक सिलिंडराजवळील लहान वेटोळ्यात तिचा दाब वाढविण्याची योजना आली. २८ सिलिंडरांच्या प्रॅट अँड व्हिट्नी वॉस्प मेजर या एंजिनात ठिणगी-गुडद्यांची संख्या ५६ वर गेली.

प्रतिकृतींतील चित्रण : इंग्लंडमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने १ : ७२ प्रमाणाचे प्लास्टिकचे संच विक्रीस आणले. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शत्रूची व मित्रराष्ट्रांची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी याच प्रमाणाच्या ५ लाख प्रतिकृती शाळांतील विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याची योजना आखली. त्या प्रतिकृतींत बाह्याकारालाच महत्त्व असल्यामुळे एंजिनाचे तपशील दाखविण्याचे कारण नव्हते. युद्धोत्तर काळात प्लास्टिकचे संच सर्वत्र पसरले आणि एंजिनाचे सिलिंडर संचात येऊ लागले. तथापि साच्यात ओतलेल्या प्लास्टिकला केसासारखी बारीक व मोकळी तार बनविता येत नाही. त्यामुळे तारा एकतर वगळल्या जात किंवा सिलिंडरांवर जाड उंचवट्यांच्या रूपाने उमटविल्या जात. ही उणीव भरून काढण्याचे काम प्रतिकृतिकाराकडेच राहिले.

यात प्रमाणाचे भान राखणे सर्वांत महत्त्वाचे असते. मूळ तार ७ मिमी. जाडीची धरल्यास १ : ३२ प्रमाणात ती सु. ०.२२ मिमी., १ : ४८ प्रमाणात सु. ०.१५ मिमी. व १ : ७२ प्रमाणात सु. ०.१० मिमी. भरते. विजेच्या लवचिक दोरातील तांब्याचे सुटे धागे, शिशाची तार किंवा उष्णतेने ताणलेला प्लास्टिकचा धागा यांसाठी वापरतात. कड्यास बारीक ड्रिलने भोके पाडून प्रत्येक तारेचे एक टोक त्यांत व दुसरे गुडदीच्या जागी चिकटवितात. तार वळविताना ती सिलिंडरांच्या थंडावा देणाऱ्या पात्यांपासून दूर ठेवावी लागते. कारण मूळ एंजिनातही उष्णतेपासून बचाव व्हावा म्हणून तिचा मार्ग तसाच आखलेला असतो.

पुरावा व अचूकता : केवळ एंजिनाचे नाव ठाऊक असून भागत नाही. प्रॅट अँड व्हिट्नी आर-२८०० हे १८ सिलिंडरांचे एंजिन कॉर्सेअर विमानाच्या एफ४यू-१ व एफ४यू-४ या दोन्ही प्रकारांत होते. पण नंतरच्या प्रकारात त्याच्या पुढील कवचाचा आकार बदललेला आढळतो. आज उडत असलेल्या जुन्या विमानांचाही पुरावा जपूनच वापरावा लागतो. दुरुस्तीच्या वेळी त्यांच्या तारा बदलल्या जातात व कधीकधी एंजिनही दुसऱ्या विमानाचे असते. त्यामुळे तत्कालीन छायाचित्रे, उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिका आणि लिंडबर्ग यांच्या १९२८ पासून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने जतन केलेल्या विमानासारखे नमुने अधिक विश्वसनीय ठरतात.

युद्धानंतर हजारो विमाने मोडीत काढण्यात आली व पुष्कळ प्रकारांचे मोजकेच नमुने उरले. अशा विमानांची बांधणी बहुसंख्य लोकांना पाहावयास मिळते ती प्रतिकृतीतूनच. पुराव्याने ठरविलेल्या थोड्या तारा या दृष्टीने अंदाजाने भरलेल्या अनेक तारांपेक्षा मोलाच्या ठरतात.