मशीन सुरू होईना तेव्हा...

वरळीला सी लिंक जिथे सुरू होतो, त्याच्या जवळ समुद्रावर आता दोन मोठ्या पोलादी कमानी दिसतात. ताणलेल्या धनुष्यासारख्या. किनारा रस्त्यावरून जाताना आमच्या घरचे सगळे त्यांचे फोटो काढतात आणि कौटुंबिक ग्रुपवर टाकतात. मध्यंतरी एका भाच्याने फोटोखाली लिहिलं होतं, "मुंबईचं नवं सौंदर्य!" सौंदर्य आहेच, नाही कोण म्हणतं? पण त्या कमानी सौंदर्यासाठी उभारलेल्या नाहीत. लहान होडीचं मशीन कधीकधी ऐनवेळी सुरू होत नाही, म्हणून त्या तिथे आहेत.

मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि शिवणयंत्र एवढाच. पण दादरच्या आमच्या शाळेत वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांतली मुलं असायची. त्यातला एकजण आज स्वतः आजोबा झाला आहे आणि होड्यांची मशिनं दुरुस्त करतो. पुढे यंत्राबद्दल जे शहाणपण येईल ते त्याचं. इतिहास मी जोडला आहे.

आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन. वर मशीन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला ज्या मोठ्या बोटी लागतात त्यांची डिझेल इंजिनं बोटीच्या पोटात असतात. आऊटबोर्ड हे लहान होडीचं, किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्याचं यंत्र. सकाळी खांद्यावरून आणायचं, लावायचं, संध्याकाळी काढून घरी न्यायचं.

ते लोकप्रिय केलं एका नॉर्वेजियन माणसाने. त्याचं नाव ओले एव्हिनरूड. (पाण्यावरच्या यंत्राच्या जनकाचं नाव 'ओले' असावं हा मराठी माणसासाठी केवढा योगायोग!) जन्म १८७७ चा, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलेला. गोष्ट अशी सांगतात की तळ्यावरच्या सहलीत त्याच्या वाग्दत्त वधूला, बेसला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा गडी वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी! तेव्हा त्याच्या डोक्यात हे यंत्र आलं म्हणे. असं यंत्र त्याच्या आधीही अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने बनवलं होतं, पण १९०९ पासून एव्हिनरूडने जे विकायला काढलं ते चाललं. दीड अश्वशक्तीचं, वजन २८ किलोच्या आसपास. सुरू करायला वरचं जड चाक हाताने गरकन फिरवायचं. ते उलटं फिरलं तर बोटं शेकायची.

आइस्क्रीमच्या गोष्टीपेक्षा मला बेसबाईंचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीचा पत्रव्यवहार आणि जाहिराती त्या बघत. त्यांच्या जाहिरातीत लोकांना सरळ सांगितलेलं होतं की आता वल्ही फेकून द्या. तळ्यात हौसेने फिरणाऱ्याला हे सांगणं ठीक आहे. बंद पडलंच तर कुणीतरी ओढून काठाला नेईल, फार तर रात्रीचं जेवण चुकेल. समुद्रावर पोट असलेल्याला मात्र हा सल्ला मानवणारा नव्हता. (एव्हिनरूड नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये कायमचं थांबलं. आपल्या किनाऱ्यावर जास्त दिसतात ती जपानी.)

आपल्याकडे यंत्र येण्याआधी कोळ्यांचं वेळापत्रक वारा ठरवायचा. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे : रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी उलट खारे वारे. मुलं परीक्षेत या दोघांची हमखास अदलाबदल करायची! कोळीवाड्यातल्या मुलांची मात्र ती कधी चुकली नाही. त्यांचे आजे-पणजे पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत. वारा पडला तर वल्ही. त्या काळी 'सुरू होईना' असा प्रकारच नव्हता. वाट बघणं होतं, पण बंद पडणं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात बोटींना यंत्रं बसवण्याचं सरकारी धोरण आलं. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. १९५३ मध्ये केरळात नॉर्वेच्या मदतीने एक मोठा प्रकल्प सुरू झाला. (पुन्हा नॉर्वेच!) ही सगळी पोटातल्या इंजिनांची कथा. फळीला अडकवायची यंत्रं लहान होड्यांवर नंतर पसरली, केरळात तर १९८० च्या दशकात फार झपाट्याने. या यंत्रांनी माणसांचा जीव वाचवला हे विसरून चालणार नाही. वादळाची चाहूल लागली की तासाभरात घर गाठता येऊ लागलं. मासळी ताजी पोचू लागली. शिडाच्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. ते गाणारे बहुधा दादरच्या गॅलरीत बसलेले असतात. पण हळूहळू डोलकाठी गेली. आजच्या लहान फायबरच्या होडीवर शीड लावायची सोयच बहुधा नसते. वारा आहे, पण तो धरायला हातात काही नाही.

मग मशीन सुरू होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? माझ्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो हसला. "बाई, मशीन बिघडत नाही जास्त. रुसतं." आणि त्याने क्रमाने सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

आधी मूर्खपणाच्या गोष्टी बघायच्या. गिअर न्यूट्रलला आहे का? बंद करण्याच्या बटणाला जी लाल दोरी असते, तिची चिमटी जागेवर आहे का? ती निघालेली असेल तर नव्या मशीनची दोरी खांदा निखळेपर्यंत ओढा, ठिणगी पडणारच नाही. मग पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू. तो बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. मशीन पाच मिनिटं झोकात चालतं आणि किनारा सोडल्यावर गप्प होतं. मग नळीवरचा रबरी फुगा दाबायचा. कडक झाला तर पेट्रोल पोचतंय. मऊच राहिला तर नळीत हवा शिरते आहे किंवा टाकी रिकामी.

इतकं झालं की प्लग काढायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओलाचिंब असेल तर जास्त झालंय. हे मला लगेच कळलं, कारण आमची जुनी स्कूटर! ह्यांनी सकाळी ती एका अंगावर आडवी करायची, मग किका मारत बसायचं, पेट्रोलचा वास चाळभर पसरायचा, आणि शेवटी रुमालाने प्लग पुसायचा. जुनी आऊटबोर्ड त्याच दोन-स्ट्रोक जातीची. प्लग पुसायचा, टोपी लावून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि दोरी ओढायची. निळी ठिणगी कडक उडाली तर वीज ठीक. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर पॉइंट किंवा कॉइल. आणि खाऱ्या पाण्याच्या संगतीत या दोघांचं आयुष्य कमीच.

सगळ्यात जास्त रुसवा पावसाळ्यानंतरचा. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. सुईएवढी छिद्रं त्याने बुजतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावर कितीजण पहिला दिवस कार्ब्युरेटर धुण्यात घालवत असतील! रॉकेलवर चालणाऱ्या मशिनांची तऱ्हा आणखी वेगळी. केरळ-तमिळनाडूकडे ती फार. ती पेट्रोलवर सुरू करायची, तापली की रॉकेलवर टाकायची, आणि बंद करण्याआधी आठवणीने पुन्हा पेट्रोलवर आणायची. शेवटचं विसरलं तर थंड मशीनमध्ये रॉकेल साचून राहतं आणि ते पेट घेत नाही.

किनाऱ्यावर हे सगळं ठीक. सावलीत बसून, चहा घेत करा. पण हेच वाहत्या होडीत, खडक आणि खांब यांच्यामध्ये करायचं असेल तर?

इथे आपण वरळीला परत येतो. या किनाऱ्याला अभियंत्यांची सवय जुनी आहे. अठराव्या शतकात वरळीची खाडी बुजवून हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला. रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली आणि तिच्या सांगण्यावरून समुद्रात जाळी टाकल्यावर महालक्ष्मीची मूर्ती वर आली, ही आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. गोष्टीत बांध अभियंत्याचा असला तरी जाळी कोळ्यांचीच होती. असो.

किनारा रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. तो सी लिंकला जोडायचा तर मधल्या पाण्यात खांब आले. वरळीच्या कोळ्यांच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून याच पाण्यातून बाहेर पडतात. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. होडीची रुंदी दोन-तीन मीटर, मग साठ पुरे की, असं कागदावर कुणालाही वाटेल. कोळी म्हणाले, १६० मीटर हवेत. हट्टीपणा म्हणून त्यांची टिंगलही झाली. २०२१ मध्ये त्यांनी होड्या समुद्रात नेऊन काम अडवलं.

मी गणिताची शिक्षिका नाही, पण एवढं गणित मला येतं. होडी बरोबर मध्यावर असताना मशीन बंद पडलं असं समजा. भरती-ओहोटीची ओढ आणि वारा मिळून तिला आडवी, सेकंदाला अर्धा मीटर नेताहेत असंही समजा. हा वेग काही फार नाही. साठ मीटरच्या अंतरात मध्यापासून खांब ३० मीटरवर. म्हणजे ६० सेकंद. एका मिनिटात दोरी किती वेळा ओढून होईल? सात-आठदा, तीही तरणा माणूस असेल तर. हवेचा स्क्रू बघता येईल, फुगा दाबता येईल. प्लग काढून पुसणं होणार नाही. १२० मीटरला दोन मिनिटं मिळतात. १६० ला दोन मिनिटं चाळीस सेकंद. पावसाळ्याच्या तोंडाला, उधाणात, वेग दुप्पट धरा आणि सगळ्या वेळा निम्म्या करा. कोळ्यांनी मागितलेलं अंतर होडीच्या रुंदीचं नव्हतं, रुसलेल्या मशीनची समजूत काढायला लागणाऱ्या वेळाचं होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले. सात आणि नऊ क्रमांकाच्या खांबांमधला आठवा खांब रद्द झाला. मधला आधार गेल्यावर एवढं अंतर साध्या तुळयांना पेलवेना, म्हणून त्या धनुष्याकृती कमानी आल्या. बार्जवरून आणून बसवलेल्या, दोन हजार टनांच्या घरातल्या. पहिली एप्रिल २०२४ मध्ये, १३६ मीटर लांब, दुसरी पाठोपाठ मे महिन्यात. त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्यांतल्या एकीवरून गाड्या धावू लागल्या.

म्हणजे मागण्याला चाळीस सेकंद कमी पडले. माझ्या विद्यार्थ्याला मी विचारलं, पुरतील का? तो म्हणाला, "प्लग बदलायला नाही पुरणार. नांगर टाकायला पुरतील." त्याच्या होडीत नांगराची दोरी नेहमी वर, मोकळी ठेवलेली असते. दोन वल्हीही असतात, बांधून नव्हे, हाताशी.

मतलई आणि खारे हे पुस्तकातले शब्द झाले. कोळीवाड्यातली जुनी माणसं वाऱ्यांना, ओहोटीच्या वेळांना आणि होडीच्या भागांना आपापली नावं वापरत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, वरळी, माहीम, माझगाव, कुलाबा कुठेही, ती कुणाला आठवत असतील तर मला जरूर कळवा. वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.