सौद्यावरचा कर: एका अदलाबदलीची कुळकथा

तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते, पण भोवतालच्या शिवारात दिसते ते सोयाबीन. ते आडतीवर गेले आणि सौदा झाला की बाजार समितीचे शुल्क लागते, शेकडा साधारण रुपयाच्या आसपास. राज्याच्या 1963च्या बाजार समिती कायद्यानुसार ते खरेदीदाराने भरायचे, म्हणून शेतकऱ्याच्या पट्टीवर ते दिसत नाही. बोली लावणारा मात्र ते मनात धरूनच भाव बोलतो. पुढे त्याला नफा होवो की तोटा, शुल्क सुटत नाही. शेअर बाजारातला रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, याच कुळातला.

हे कूळ जुने आहे. ब्रिटनने 1694 मध्ये मुद्रांक शुल्क आणले ते तिजोरी भरण्यासाठी. शेअर खरेदीवर तिथे आजही अर्धा टक्का द्यावा लागतो. सट्टा आवरण्याचा हेतू पुढे जोडला गेला. 1936 मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सने शेअरच्या सौद्यांवर भरीव कर सुचवला. 1972 मध्ये जेम्स टोबिनने चलनाच्या सौद्यांसाठी तोच विचार मांडला. फार वेगाने फिरणाऱ्या चाकांत थोडी वाळू टाकावी, असे त्याचे म्हणणे. स्वीडनने 1984 मध्ये शेअरच्या सौद्यांवर असा कर लावला, 1986 मध्ये दुप्पट केला आणि बरेचसे सौदे लंडनला निघून गेले. 1991 मध्ये तो रद्द झाला.

भारतात 8 जुलै 2004 रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात 0.15 टक्के कर सुचवला. मुंबईच्या दलालांनी जोरदार विरोध केला, तेव्हा दर खाली आले, रोजच्या उलाढाली करणाऱ्यांना सवलत मिळाली आणि 1 ऑक्टोबरपासून कर लागू झाला. त्यामागे एक अदलाबदल होती. हा कर द्या, शेअरवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर माफ. 2018 मध्ये तो माफ केलेला कर परत आला, एसटीटी मात्र तसाच राहिला. आज एक लाखाचे शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेताना शंभर रुपये जातात, विकताना पुन्हा शंभर.

1 जुलै 2013 पासून वस्तूंच्या वायद्यांवरही 0.01 टक्के कर आला. सोयाबीनसारखा शेतमाल त्यातून वगळला. पण डिसेंबर 2021 मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदेच थांबवले. कराने बाजाराचा वेग कमी होतो, बंदीने वाटच बंद होते. त्या बंदीने तेरखेड्याच्या शेतकऱ्याला पुढच्या महिन्यांचा भाव दाखवणारा फलकही गेला.

सट्ट्याची आग खरी आहे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन खेळणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून अधिक. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्या सौद्यांवरचा एसटीटी वाढवला, ते योग्यच झाले.

पण बचत म्हणून शेअर घेऊन वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला सटोडियाच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडून दोन्ही कर घेतले जातात आणि 2004 चा शब्द मोडला जातो. सट्ट्यावर कर ठेवा, हवा तर वाढवा. बचतीवरचा एसटीटी सरकारने मागे घ्यावा.