बृहन्मस्तिष्क श्वेतद्रव्यविकृती

मेंदूतील श्वेत द्रव्याला सूज येऊन तान्हेपणीच डोक्याचा आकार प्रमाणाबाहेर वाढविणारा आणि पुढे हळूहळू चालण्याची शक्ती कमी करणारा एक विरळा आनुवंशिक रोग. श्वेत द्रव्यात द्रवाने भरलेल्या पोकळ्याही (द्रवार्बुदेही) निर्माण होतात. वैद्यकीय व्यवहारात हा रोग एम्‌एल्‌सी या संक्षिप्त नावाने अथवा डच संशोधिका मार्जो व्हान डर क्नाप यांच्या नावाने ओळखला जातो. या रोगाच्या अभ्यासात मुंबईतील तंत्रिकावैज्ञानिकांच्या निरीक्षणांना महत्त्वाचे स्थान आहे.

लक्षणे : जन्माच्या वेळी बालकाचे डोके बहुधा नेहमीच्या आकाराचे असते. पहिल्या वर्षात त्याचा घेर झपाट्याने वाढतो व त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो. बहुतेक मुले थोड्याशा उशिराने का होईना चालू लागतात. पुढे मात्र तोल जाणे (गतिविभ्रम), पायांच्या स्नायूंना ताठरपणा येणे आणि अपस्माराचे झटके ही लक्षणे दिसू लागतात व काही वर्षांनी अनेकांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. बुद्धीवर होणारा परिणाम त्या मानाने सौम्य असून तो उशिरा जाणवतो. डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानेही झटके येणे, शुद्ध हरपणे किंवा प्रकृती अचानक खालावणे, हे या रोगाचे विशेष लक्षण होय.

इतिहास : श्वेत द्रव्याच्या विकृतीबरोबर डोके मोठे होते असे दोन रोग पूर्वीपासून ज्ञात होते. त्यांपैकी कॅनव्हन रोगाचे वर्णन १९३१ मध्ये व अलेक्झांडर रोगाचे १९४९ मध्ये झाले. या दोहोंच्या नेहमीच्या शैशवकालीन प्रकारांत बालकाची प्रकृती वेगाने ढासळते. त्यामुळे मेंदूच्या प्रतिमेत श्वेत द्रव्य जवळजवळ सर्वत्र बिघडलेले दिसत असूनही जे मूल हसतखेळत चालत येई, त्याच्या रोगाला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न चिकित्सकांपुढे उभा राही. डोके मोठे दिसल्याने अशा मुलांत जलशीर्षाची (मेंदूत पाणी साचण्याची) शंका घेतली जाण्याचाही संभव असे.

मुंबईच्या बाँबे हॉस्पिटलमधील तंत्रिकावैज्ञानिक भीमसेन सिंघल व त्यांचे सहकारी यांना अशी मुले एकाच समाजात, म्हणजे अग्रवाल समाजात, वारंवार आढळत असल्याचे दिसून आले. त्यांनी हे निरीक्षण १९९१ मध्ये मांडले. १९९५ मध्ये व्हान डर क्नाप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांच्या अभ्यासावरून, प्रतिमेतील व्यापक विकृतीच्या मानाने सौम्य गतीने वाढणाऱ्या या रोगाचे सविस्तर वर्णन केले. १९९६ मध्ये सिंघल, गुरसहानी, उदानी व बिनीवाले यांचा अग्रवाल रुग्णांवरील लेख प्रसिद्ध झाला. दोन दूरच्या देशांत स्वतंत्रपणे पाहिलेला रोग एकच असल्याचे पुढे जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले. या अभ्यासात चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा (एम्‌आर्‌आय्) तंत्राचा मोठा उपयोग झाला. श्वेत द्रव्याची सर्वत्र पसरलेली सूज आणि शंखखंडाच्या (कानशिलामागील मेंदूच्या भागाच्या) पुढील टोकाशी असलेली द्रवार्बुदे ही या रोगाची ओळख ठरली.

२००० मध्ये तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून रोगकारक जनुकाचे स्थान २२ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाशी निश्चित झाले व २००१ मध्ये एम्‌एल्‌सी१ हे जनुक ओळखले गेले. २००४ मध्ये सिंघल यांच्या सहभागाने झालेल्या संशोधनात अग्रवाल रुग्णांमध्ये या जनुकात एकाच ठिकाणी सायटोसीन या एका घटकाची भर पडलेली आढळली. या एका घटकामुळे पुढील सर्व संकेतांचे वाचन बिघडते व प्रथिन अपुरे राहते. २०११ मध्ये ग्लायलकॅम हे दुसरे संबंधित जनुक उजेडात आले. त्याच्या एका प्रकारात मुलांची प्रकृती कालांतराने सुधारते.

एम्‌एल्‌सी१ जनुकापासून बनणारे प्रथिन ३७७ ॲमिनो अम्लांचे असून ते मेंदूतील तारकाकोशिकांच्या (ताऱ्यासारख्या आकाराच्या आधारपेशींच्या) पटलात, विशेषतः रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या भागात असते. कोशिकांतील पाणी व आयन (विद्युत् भारित अणू) यांचा समतोल राखण्यास ते साहाय्य करते. ते नसल्यास पाणी साठते व तंत्रिका तंतूंच्या वसावरणाच्या बाहेरील थरांत सूक्ष्म पोकळ्या पडतात. श्वेत द्रव्य नष्ट होण्याऐवजी प्रथम फुगते, हे रोगाच्या मंद गतीचे एक कारण मानले जाते.

आनुवंशिकता व समाज : एम्‌एल्‌सी१ जनुकामुळे होणारा हा रोग अप्रभावी आहे. माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच तो प्रकट होतो. दोघेही वाहक असून स्वतः निरोगी असतात व त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून अशा अपत्याचा दोष केवळ मातेकडे देण्याची समजूत निराधार आहे. अग्रवाल समाज आपले मूळ हरियाणातील अग्रोहा येथे मानतो. त्यात सगोत्र विवाह निषिद्ध असला, तरी विवाह परंपरेने समाजांतर्गतच होत आले आहेत. एखाद्या प्राचीन पूर्वजात घडलेले उत्परिवर्तन (जनुकातील बदल) कालांतराने अनेक गोत्रांत पसरलेले असल्यास निराळ्या गोत्रांतील वधूवरही वाहक असू शकतात. गोत्रनियमाने जवळचे नाते टळते, पण समाजभर विखुरलेले उत्परिवर्तन टळत नाही. तथापि हा रोग एका समाजाचा नव्हे. लिबियातून आलेले ज्यू, तुर्क व जपानी यांच्यातही तो आढळला असून तेथे उत्परिवर्तने निराळी आहेत.

निदान, उपचार व प्रतिबंध : अग्रवाल कुटुंबे व्यापारानिमित्त विदर्भ व मराठवाड्यातील बाजारपेठांच्या गावीही स्थायिक झालेली आहेत. त्यामुळे या रोगाची माहिती महानगरांतील तज्ञांपुरती राहणे पुरेसे नाही. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बालकाची पहिली तपासणी स्थानिक वैद्य अथवा आरोग्यपथक करते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांच्या वर्षातून दोनदा तपासणीची तरतूद आहे. अशा तपासणीत साध्या फितीने डोक्याचा घेर वेळोवेळी मोजून नोंदविल्यास संशय लवकर येऊ शकतो. त्यानंतर प्रतिमादर्शन व जनुकीय परीक्षण यांनी निदान निश्चित होते. अचूक निदानामुळे जलशीर्ष समजून अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा धोका टळतो.

रोग बरा करणारे औषध उपलब्ध नाही. अपस्मारावरील औषधे, स्नायूंचे व्यायाम व डोक्याला मार लागू न देण्याची दक्षता यांवर भर द्यावा लागतो. खेळताना शिरस्त्राण वापरणे हितावह ठरते. सदोष जनुकाऐवजी निर्दोष जनुक पोहोचविण्याचे प्रयोग उंदरांवर झाले असून त्यांत मेंदूतील पोकळ्या कमी झाल्याचे दिसले. मानवी उपचारांच्या दृष्टीने हे संशोधन प्राथमिक अवस्थेत आहे. कुटुंबातील उत्परिवर्तन ज्ञात असल्यास विवाहापूर्वी वाहक-परीक्षण व गर्भारपणात सुमारे ११ व्या आठवड्यात वारेच्या अंकुरांची तपासणी करता येते. अग्रवाल समाजात एकच उत्परिवर्तन प्रामुख्याने आढळत असल्याने हे परीक्षण तुलनेने सोपे झाले आहे.