फर्निचरची खोळ
खुर्ची, कोच यांच्या मापाने शिवलेले व काढून धुता येणारे आच्छादन. गादीवर खिळ्यांनी ठोकून कायमचे बसवलेल्या कापडाहून ते वेगळे. तंबोऱ्याला जशी गवसणी, तशी कोचाला खोळ. मात्र गवसणी वाजवताना काढतात, खोळीवर माणसे बसतात.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील श्रीमंत घरांत रेशीम व डमास्क हे मढवणीचे कापड लाकडी सांगाड्यापेक्षाही महाग पडे. ऊन, धूळ व मेणबत्तीची काजळी यांपासून ते जपण्यासाठी लिनन, चौकडीचे सुती कापड किंवा सर्ज यांच्या खोळी घालत आणि पाहुणे येणार असले, तरच उतरवत. टॉमस चिपेंडेल (१७१८–७९) हा विख्यात सुतार-कारखानदार खुर्च्यांबरोबर खोळीही पुरवी. भारतीय छिटे या कामी लोकप्रिय होती. १७२१ च्या ब्रिटिश कायद्याने छापील सुती कापड पोशाखाला आणि घरसामानालाही वापरण्यास मनाई केली. ती १७७४ मध्ये उठली. एकोणिसाव्या शतकात पुरुष केसांना मॅकॅसर तेल चोपडू लागल्यावर कोचाच्या पाठीवर वेगळा रुमाल आला.

चांगली खोळ बेतण्यात कसब आहे. कापड आधी धुऊन आटवतात, उलटे करून खुर्चीवरच टाचण्यांनी बसवतात, मग कापतात. शिवणीत उरेप पट्टीत गुंडाळलेली दोरी घालतात, त्यामुळे कड ताठ राहते. बैठक आणि पाठ यांच्या फटीत खोचायला जादा कापड सोडावे लागते. ते कमी पडले, तर माणूस उठताच खोळ वर येते.